कुंडीतली खरड छाटणी

हैदराबादला निघताना गांगुर्डे सिस्टरांनी समोरच्या फ्लॅटमधल्या मोतीराम बोरस्त्यांच्या हातात दोन गोष्टी दिल्या. एक घराची किल्ली आणि दुसरी ऑर्किडची कुंडी. किल्लीबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. कुंडीबद्दल मात्र रिक्षात बसेपर्यंत सांगत राहिल्या. पाणी रोज नको, आधी बोट घालून बघायचं. खाली साचू द्यायचं नाही. रिक्षा सुरू झाली तेव्हा त्यांनी डोकं बाहेर काढलं. "फूल नाही आलं तरी चालेल, नाना. जगवा म्हणजे झालं."

हे शेवटचं वाक्य नानांना लागलं. सगळी हयात द्राक्षबागेत घालवलेल्या माणसाला कुणी 'जगवा म्हणजे झालं' म्हणावं, हे त्यांना पटेना. रिक्षा नाशिकरोडच्या दिशेनं दिसेनाशी झाली तरी ते कुंडी पोटाशी धरून गेटपाशी उभे होते.

नानांची बाग दिंडोरीच्या पुढे. गुडघे बोलायला लागले तशी त्यांनी ती पुतण्याच्या हाती दिली आणि ते मुलाकडे, ज्ञानेशकडे, इंदिरानगरला राहायला आले. आल्या आल्या त्यांनी रंगाच्या रिकाम्या बादल्यांत द्राक्षाच्या काड्या लावल्या होत्या. त्यांचं पाणी गॅलरीतून झिरपलं आणि खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरींवर मातीचे ओघळ गेले. सोसायटीच्या ग्रुपवर त्या चादरींचे फोटो आले. पुढच्या रविवारी ज्ञानेश बादल्या गाडीत घालून गावी ठेवून आला. तेव्हापासून गॅलरीत एक प्लॅस्टिकची खुर्ची, कपड्यांच्या दोऱ्या आणि नाना एवढंच उरलं. गावात लोक त्यांना छाटणीचं विचारायला लांबून यायचे. इथं ते 'ज्ञानेशचे वडील' होते.

अपवाद फक्त गांगुर्डे सिस्टरांचा. सिस्टर शहरातल्या एका दवाखान्यात तीस वर्षं ऑपरेशन थिएटरच्या नर्स होत्या. निवृत्त झाल्या त्या दिवशी बरोबरच्या नर्सेसनी त्यांना ही कुंडी दिली होती, ऐन फुलात असलेली. त्याचा फोटो सिस्टरांच्या फोनमध्ये अजून आहे. एक बारीक, वाकलेला दांडा आणि त्याच्यावर ओळीनं लहान लहान पिवळी फुलं. एकेक फूल म्हणजे फुगडी खेळता खेळता परकर पसरून मटकन खाली बसलेली पोरगी. महिनाभर ती फुलं राहिली. मग दांडा वाळला आणि त्यानंतर तीन वर्षं कुंडीत पानांशिवाय काही आलं नाही. सिस्टरांनी कुंडी घरातल्या सगळ्यांत चांगल्या जागी ठेवली होती, हॉलच्या आतल्या कोपऱ्यात, बुद्धाच्या मूर्तीशेजारी. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या म्हणायच्या, "मी रिटायर झाले त्याच दिवशी तीही झाली." म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या.

एकदा लिफ्ट बंद होती. जिन्यात मधल्या मजल्यावर दोघंही दम खायला थांबले होते. तिथं त्यांनी विचारलं, "नाना, तुम्ही एवढी वर्षं बाग केलीत. माझ्या ऑर्किडला फूल का येत नसेल हो?"

नानांना उत्तर ठाऊक नव्हतं. ऑर्किड त्यांनी लग्नाच्या स्टेजवर सोडून कुठं पाहिलं नव्हतं. पण त्या इमारतीत आल्यापासून कुणी त्यांना झाडाबद्दल काही विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. ते म्हणाले, "बघू."

आणि आता कुंडीच घरात आली होती. हैदराबादला सिस्टरांच्या मुलीला, दिशाला, डॉक्टरांनी सातव्या महिन्यातच झोपून राहायला सांगितलं होतं. म्हणजे सिस्टर दिवाळीपर्यंत काही परतत नव्हत्या. तोपर्यंत फूल आणून दाखवायचं, असं नानांनी मनाशी ठरवून टाकलं. कुणाला सांगितलं नाही.

महिना एप्रिलचा होता, आणि घोटाळा त्यातच होता.

द्राक्षवाल्याच्या घरी एप्रिल म्हणजे खरड छाटणी. फळ उतरलेली बाग अशी खरडून काढायची की नवख्याला वाटावं, बाग मोडली. जुन्या काड्या सगळ्या जातात, प्रत्येकीचा एखादा डोळा, म्हणजे फुटव्याची जागा, तेवढा ठेवायचा. त्या डोळ्यांतून नवी काडी फुटते, उन्हाळ्यात तिच्या पोटात घड बसतो आणि ऑक्टोबरात दुसरी छाटणी झाली की तो बाहेर येतो. ज्याचा हात एप्रिलात थरथरला त्याचा ऑक्टोबर वाया गेला, असं नाना नव्या मजुरांना सांगायचे. आणि त्यांचा हात कधी थरथरला नव्हता.

त्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. छाटणीच्या टोळ्या आल्या होत्या, काम सुरू होतं, तुम्ही गुडघे सांभाळा, असं त्यानं सांगितलं. फोन ठेवल्यावर नाना बराच वेळ तळहात चोळत बसले. मग त्यांनी कुंडी उजेडात घेतली.

कुंडीत चार कंद होते, लहान कैरीएवढे, चपटे, एकमेकांना चिकटून ओळीनं बसलेले. पुढचा एक टणक, हिरवा, डोक्यावर दोन लांब पानं. मागचे तीन सुरकुतलेले, बोडके, वाळक्या सालीत गुंडाळलेले. नानांनी ते पाहिलं आणि त्यांना सगळा उलगडा झाला. ही जुनी लाकडं. खातात आणि फळत नाहीत. तीन वर्षं कुणी छाटणीच केली नाही, फूल येणार कुठून?

ट्रंकेतून त्यांनी छाटणीची कात्री काढली. ती अजून तेलात होती. तिन्ही कंद मुळापासून वेगळे करायला त्यांना पाणी पिण्याइतकाही वेळ लागला नाही. कापल्या जागी हळद भरली. आता पुढचा एकटा कंद कुंडीच्या एका कडेला उभा होता आणि बाकी कुंडी छाटलेल्या बागेसारखी मोकळी दिसत होती. वर्षभरात पहिल्यांदा नानांना दुपारची गाढ झोप लागली.

कापलेले तुकडे त्यांनी फेकले नाहीत. त्यामागं काही विचार नव्हता, सवय होती. छाटलेल्या काडीतून उद्याचं रोप निघतं, म्हणून बागाईतदार काडी सहसा उकिरड्यावर टाकत नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळून त्यांनी ते मोरीशेजारच्या सावलीत ठेवून दिले. कुंडी मात्र स्वतःच्या गॅलरीत ठेवली. तिथं सकाळचं ऊन सुनेच्या ओढण्यांतून गाळून यायचं.

द्राक्षाचा डोळा छाटणीनंतर लवकर फुगतो. इथं काहीच फुगेना. उलट मे सुरू झाला तसा तो एकटा उरलेला कंदच सुरकुतायला लागला. त्याच्या बुडाशी एक कोंब होता, त्याचं पान सरळ न येता कागदाच्या पंख्यासारखं घड्या घड्या पडून अडकलं. नानांनी पाणी वाढवलं. घड्या वाढल्या.

सून संजना कपडे काढायला गॅलरीत आली होती. तिनं कुंडीकडं पाहिलं, मग नानांकडं. "सिस्टरांची ना ही? एवढीशीच होती?"

नानांनी गोणपाट उघडून दाखवलं. संजना मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, तिला द्राक्षातलं काही कळत नव्हतं आणि ऑर्किडातलंही. पण कापलेल्या तीन तुकड्यांचा अर्थ तिला लगेच कळला. ती ओरडली वगैरे नाही. गंगापूर रोडच्या पलीकडं एका नर्सरीत ऑर्किड असतात, उद्या कुंडी घेऊन जा, एवढंच तिनं सांगितलं. जाताना मात्र म्हणाली, "आणि नाना, कात्री घरी ठेवून जा."

नर्सरी निकिता नावाची बाई चालवत होती. तिच्या शेडमध्ये जाळीखाली कुंड्या टांगलेल्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच कुंड्यांत माती नव्हतीच, नुसते कोळसे आणि विटांचे तुकडे. तिनं कुंडी हातात घेतली, कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी," नाना म्हणाले. मग त्यांना वाटलं, कारणही सांगावं. "एप्रिल होता."

निकिता हसली नाही. ती मूळची पिंपळगावची, द्राक्षाच्या पट्ट्यातली निघाली, एप्रिल म्हणजे काय ते तिला सांगावं लागलं नाही. तिनं एका मोठ्या कुंडीपाशी नेऊन समजावलं. द्राक्षाचा साठा मुळांत आणि जाड खोडात असतो, म्हणून वरचं खरडलं तरी वेल उठते. याला तसं खोड नाही. हे कंदच त्याची कोठारं. पानं गळाली, सुरकुत्या पडल्या, तरी जुना कंद वर्षानुवर्षं पुढच्याला पोसत राहतो. एका कंदाला साधारणपणे एकदाच फूल येतं हे खरं, त्यामुळं म्हाताऱ्याला पुन्हा फूल येणार नाही. पण नव्याला येणार ते म्हाताऱ्यांच्या जिवावर. "तुम्ही त्याचं जेवणाचं ताट काढून घेतलंत, नाना."

नाना त्या मोठ्या कुंडीतल्या बोडक्या, सुरकुतलेल्या कंदांकडं बघत राहिले. त्यांच्या पुढं रसरशीत नवे कंद उभे होते.

"कापलेले टाकून दिले असतील," निकिता म्हणाली.

नाही म्हटल्यावर तिनं भुवया उंचावल्या. प्रत्येक कंदाच्या बुडाशी एक झोपलेला डोळा असतो, ती म्हणाली. ओलसर शेवाळावर, सावलीत ठेवून बघा. फुटेल किंवा सडेल. डोळा हा शब्द ऐकून नानांना जरा धीर आला. त्या शेडमधली तेवढीच एक गोष्ट त्यांच्या ओळखीची होती.

तिनं झाड उपटून दाखवलं. जुन्या कुंडीत मातीऐवजी भरलेली झाडाची साल कुजून तिचा चिखल झाला होता आणि मुळं त्यात गुदमरत होती. ती कुजकी मुळं काढून तिनं झाड कोळसा, वीट आणि ताज्या सालीत बसवलं. सकाळचं ऊन द्या, पाणी द्या आणि निथळू द्या, शेणखत चिमूटभरही नको. आणि घाई नको. ही फूट वाढून तिचा नवा कंद भरला, उजेड पोटभर मिळाला, वर रात्रीची थंडी लागली, तर दांडा येईल. यंदा येईलच असं नाही. इतकं कापल्यावर ती तरी छातीठोकपणे सांगणार नव्हती.

घरी आल्यावर नानांनी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. दिशाला झोपून राहायला सांगितलेलं, सिस्टर दिवसभर तिच्या उशाशी. त्यांना आत्ता कशाला सांगायचं? ज्ञानेश जेवताना म्हणाला, सांगून टाका, कुंडीच तर आहे. पण ज्ञानेशला कुणी जिन्यात थांबवून काही विचारलं नव्हतं.

सिस्टरांचा रोज सकाळी सुप्रभातचा मेसेज यायचा आणि दर दोन-चार दिवसांनी त्याखाली प्रश्न यायचा: कशी आहे? नाना लिहायचे, बरी आहे. मग सिस्टरांनी फोटो मागितला. नानांनी कुंडी फिरवली, कंद आणि पानं पुढं येतील आणि रिकामी बाजू भिंतीकडं जाईल अशी ठेवली आणि फोटो काढला. सिस्टरांनी टाळ्यांचं चित्र पाठवलं. पुढच्या फोटोला नानांना कुंडी फिरवायला वेळ लागला नाही. कुठं उभं राहिलं की काय झाकतं ते आता हाताला कळलं होतं.

"मॉडेलची चांगली बाजू सापडली वाटतं," संजना एकदा जाता जाता म्हणाली. नानांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

जूनच्या मध्यावर दिशाला मुलगी झाली. सिस्टरांनी व्हिडिओ कॉल करून दुपट्यात गुंडाळलेलं तांबूस तोंड दाखवलं. नाना, संजना सगळ्यांनी ते कौतुकानं पाहिलं. मग सिस्टर म्हणाल्या, "आता माझं दुसरं बाळ दाखवा." नानांनी फोन कुंडीसमोर धरला. सिस्टरांनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, जरा फिरवा ना, मागची बाजू बघू. नानांनी कुंडीऐवजी फोन फिरवला. गॅलरीच्या दोऱ्या, आभाळ, समोरची इमारत असं काय काय दिसलं असेल. रेंज जातेय म्हणून त्यांनी कॉल बंद केला.

संजना तिथंच होती. दोरीवरचा टॉवेल काढत, त्यांच्याकडं न बघता तिनं विचारलं, "नाना, तुम्ही व्यापाऱ्याला पेटी भरून द्यायचात, तेव्हा वर चांगले घड आणि खाली फुटके असं कधी केलंत का?"

"कधीच नाय."

"तेच. तुम्हीच सांगता सगळ्यांना, माझ्या पेटीत वरचा घड तोच खालचा."

ती टॉवेल घेऊन आत गेली. नाना त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले. आवाज चढवून कुणी बोललं असतं तर त्यांनीही चढवला असता. त्या दिवसापासून त्यांनी फोटो पाठवणं बंद केलं. सिस्टरांनी विचारलं की ते लिहायचे, आल्यावर बघा. फोनवर सांगायचं नाही, समोर उभं राहून सांगायचं, हे त्यांनी ठरवलं होतं. तोपर्यंत झाड मेलं नाही पाहिजे, एवढंच आता त्यांना हवं होतं. फुलाचा विषय त्यांनी मनातून काढून टाकला. जगवा म्हणजे झालं, हे काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं हे त्यांना आता कळलं होतं.

पावसाळ्याची हवा झाडाला मानवली. अडकलेलं पान पूर्ण सुटलं नाही, पण त्याच्या आतून आलेलं दुसरं सरळ आलं. नाना पहाटे उठून कुंडीखालची ताटली पालथी करायचे, पाऊस आडवा आला की कुंडी आत घ्यायचे, ऊन पडलं की बाहेर. नवी मुळं पांढरी, सुतळीसारखी, कोळशाला धरून खाली उतरली. शेवाळावर ठेवलेल्या तीन कापलेल्या कंदांपैकी दोन श्रावणात काळे पडून सडले. तिसरा तसाच होता, ना जिवंत ना मेलेला. गणपती बसले त्या आठवड्यात त्याच्या बुडाशी हरभऱ्याच्या डाळीएवढं हिरवं टोक दिसलं. नानांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग संजनाला हाक मारली. तिनं पाहिलं आणि चहा टाकला, आणि नानांनी तो कंद एका लहान कुंडीत बसवला.

दिवाळी झाली. नवा कंद फुगत फुगत आधीच्याएवढा झाला. सकाळी गॅलरीत स्वेटर घालावा लागायला लागला आणि अशाच एका सकाळी, न कळवता, सिस्टर बॅग घेऊन जिना चढून आल्या. घराची किल्ली नानांकडे होती, त्यामुळं त्यांना आधी याच दारात यावं लागलं.

नाना किल्ली घेऊन बाहेर आले. पण त्यांनी ती दिली नाही.

"किल्ली देतो, सिस्टर. पण आधी एक सांगायचं हाय."

सिस्टरांनी बॅग खाली ठेवली. "मेली ना?"

"नाय. मी कापली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. एप्रिल, कात्री, तीन कंद, नर्सरी. फोटो कुठल्या बाजूनं काढले आणि फोन का फिरवला, तेही. सिस्टर ऐकता ऐकता जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या. नाना थांबले. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्या देत होता.

"विचारायचं होतंत," शेवटी त्या म्हणाल्या.

"मला वाटलं, मला ठावं हाय."

"हं. तीस वर्षं थिएटरमध्ये उभी होते. मला ठाऊक आहे म्हणणारे लय बघितलेत." त्यांनी तो 'लय' नानांच्याच चालीवर म्हटला आणि त्यात हसू नव्हतं. "तुम्ही फोटो पाठवायचे बंद झालात तेव्हा मी समजले, गेली. दिशालाही सांगून टाकलं. गाडीत मनाची तयारी करत आले. आणा बघू."

नानांनी दोन्ही कुंड्या आणल्या. मोठीची रिकामी बाजू त्यांनी स्वतःहून सिस्टरांकडं केली. सिस्टरांनी पेशंट तपासावा तशी कुंडी चारी बाजूंनी पाहिली, नव्या कंदावर बोट टेकवलं, पानाच्या घड्या मोजल्यासारख्या हाताळल्या. मग दुसऱ्या कुंडीकडं वळल्या. त्या लहान कुंडीत एक सुरकुतलेला म्हातारा कंद होता आणि त्याच्या कुशीत बोटभर हिरवा कोंब.

"ही कुठली?"

"तुमचीच. कापलेल्यातली."

सिस्टर त्या कोंबाकडं बराच वेळ बघत होत्या. उठल्या तेव्हा आवाज नेहमीचा झाला होता. "ही लहान तुम्हाला. तिचं काय करायचं ते करा. माझीला हात लावायचा नाही. बघायचं असेल तर हात मागे बांधून बघायचं." मग त्यांनी तळहात पुढं केला. नानांनी त्यावर किल्ली ठेवली. हात तसाच राहिला. "आणि ती कात्री. आमच्याकडे अवजारं मोजून ताब्यात घेतल्याशिवाय पेशंट टेबलावरून हलवत नसत."

नानांनी आत जाऊन कात्री आणली आणि त्यांच्या हातात दिली. गावी कुणी ती मागितली असती तर त्यांनी दिली नसती.

सिस्टरांनी एक बदल केला. नर्सरीतलं उजेडाचं बोलणं नानांनी त्यांना सांगितलं होतं, त्यामुळं कुंडी पुन्हा हॉलच्या कोपऱ्यात गेली नाही. ती त्यांच्या गॅलरीत, पूर्वेकडं राहिली. नाना रोज सकाळी पेपर वाचून झाला की समोर जायचे आणि खरोखरच हात मागे बांधून उभे राहायचे. सिस्टर चहा द्यायच्या तेव्हा हात सोडायची परवानगी मिळायची. पहिले काही दिवस बोलणं बेताचंच होतं. नंतर बाळाचे फोटो निघाले, गावाकडच्या छाटणीच्या गोष्टी निघाल्या. निफाडचा घसरलेला पारा पेपरात पहिल्या पानावर आला त्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, कुंडी रात्री आत घेते. नाना म्हणाले, नको, थोडी थंडी लागू द्या, निकिताताई म्हणाल्या होत्या. "माझं नाय हे. त्यांचं हाय," असंही त्यांनी जोडलं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी नव्या कंदाच्या आणि पानाच्या मधल्या बेचक्यातून, बगलेतून निघावं तसं, एक टोक बाहेर आलं. सिस्टर म्हणाल्या, दुसरं पान. नाना म्हणाले, पान बुडातून येतं, हे बगलेतून आलंय. सिस्टर म्हणाल्या, उगीच आशा लावू नका, मला नाही आणि स्वतःलाही नाही. मग फोटो काढून नर्सरीत पाठवला, सगळ्या बाजू दाखवणारा. निकिताचं उत्तर दुपारी आलं. दांडा आहे, अभिनंदन, कुंडी आता फिरवू नका, उजेडाची दिशा बदलली की दांडा वाकडा होतो.

फिरवू नका हे वाचून संजनाला हसू आवरलं नाही. नानांनाही आवरलं नाही, पण जरा उशिरा.

संक्रांत झाली आणि दांडा हातभर लांब होऊन वाकला. फेब्रुवारीत त्याच्यावरच्या कळ्या खालून वर उघडत गेल्या. पहिल्या बहराएवढ्या नव्हत्या. फोनमधल्या फोटोत दांड्याला फांद्या फुटल्या होत्या, याला एकच होती, आणि फुलं निम्मीसुद्धा नसतील. पण होती ती फुलंच होती, पिवळी, परकर पसरलेली, गॅलरीतला वारा आला की सगळी मिळून हलणारी. सिस्टरांनी कुंडी दिवसापुरती हॉलमध्ये, बुद्धाच्या मूर्तीपाशी ठेवली आणि जुन्या नर्सेसना चहाला बोलावलं. सोसायटीतलेही बरेच जण येऊन गेले. चादरींचे फोटो टाकणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या बाईही आल्या आणि जाताना नानांना विचारून गेल्या, त्यांच्या जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच गळतात, काय करावं. नाना म्हणाले, "मला नक्की ठावं नाय. बघून सांगतो." आणि खाली जाऊन खरंच बघून आले.

सिस्टरांनी या सगळ्यात निवृत्तीचा जुना विनोद काही केला नाही.

मार्च संपता संपता फुलं एकेक करून गळाली. दांडा टोकाकडून वाळत मागे आला. गावाहून पुतण्याचा फोन आला, छाटणीच्या टोळ्या आल्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना समोर गेले आणि हात मागे बांधून उभे राहिले. सिस्टर चहाऐवजी एक पांढरा फडका घेऊन बाहेर आल्या. फडक्यात कात्री होती. "उकळून घेतली आहे," त्या म्हणाल्या. "दांडा काढायचा आहे. निकिता म्हणाली, वाळला की काढा."

नाना हलले नाहीत. "तुम्ही काढा."

"माझं काम कापायचं नव्हतं कधी. द्यायचं होतं." आणि तीस वर्षं डॉक्टरांच्या हातात दिली तशी, पातं स्वतःकडं आणि मूठ पुढं करून, त्यांनी कात्री नानांच्या तळहातावर पक्की टेकवली.

नाना गुडघ्यांवर हात देत खाली बसले. जुना कंद, नवा कंद, त्याच्या बुडाशी यंदाचा नवा कोंब, सगळं त्यांनी एकदा नीट पाहिलं. "इथून?" त्यांनी दांड्याच्या बुडापाशी बोट ठेवून विचारलं. सिस्टरही वाकल्या, चष्मा लावून पाहिलं. "कंदाला लागणार नाही ना? मग इथून."

आवाज झाला न झाला, दांडा हातात आला. नानांनी पातं फडक्याला पुसलं आणि कात्री सवयीनं सिस्टरांकडं परत केली.

सिस्टरांनी ती घेतली नाही. "राहू द्या तुमच्याकडे," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. आतूनच त्यांनी विचारलं, "तुमच्या धाकटीला कधी येतील हो फुलं?"

नानांनी आपल्या दाराकडं पाहिलं. लहान कुंडी त्यांच्या गॅलरीत होती, म्हाताऱ्या कंदासकट. तो अजून तग धरून होता. दोन वर्षं तरी लागणार होती.

"बघू," ते म्हणाले.